बसक्या गाडीची चाकं

व्हील अलाइनमेंट झालं की दुकानदार एक कागद हातात ठेवतो. वर गाडीचा नंबर, खाली 'आधी' आणि 'नंतर' असे दोन रकाने, आणि प्रत्येक आकड्याला हिरवा किंवा लाल रंग. साध्या गाडीच्या मालकाला एवढं पुरतं. उजवा रकाना हिरवा दिसला की तो पैसे देऊन निघतो. गाडी दीड-दोन इंच खाली बसवलेली असेल तर मात्र याच कागदावरून वाद पेटतो. पुढच्या दोन्ही चाकांचा कॅम्बर लाल. "दादा, कॅम्बर बसत नाही. करेक्शन करावं लागेल, त्याचे पैसे वेगळे." मालकाला वाटतं, मशीन खोटं बोलतंय, नाहीतर दुकानदार. बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात. मशीन ज्या आकड्यांशी ताळा करतं ते कंपनीने ठरवलेल्या उंचीवरच्या गाडीचे आहेत, आणि समोर उभी असलेली गाडी त्या उंचीवर राहिलेलीच नाही. मग यातला कुठला आकडा लाल राहिला तरी चालतो आणि कुठला अजिबात चालत नाही?

पुणं या प्रश्नासाठी सोयीचं गाव आहे. गाड्या इथल्या परिसरात बनतात, इथेच त्यांच्या चाचण्या होतात आणि इथेच त्यांच्यात फेरफारही होतात. वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना ती 'एआरएआय टेकडी' या नावापुरती माहीत असते, पण गाडीचं नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी ज्या मोजक्या संस्थांकडून ते तपासून घ्यावं लागतं त्यांपैकी ही एक. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि २०२२ पर्यंत तिथून पोलो बाहेर पडत राहिली. २०१० साली कंपनीने पोलो कप नावाची शर्यत सुरू केली आणि तिच्यासाठी तयार केलेल्या पोलो जमिनीला लागून धावताना लोकांनी पाहिल्या. पोलो, स्विफ्ट, होंडा सिटी या गाड्या बसवून घेणाऱ्या पोरांच्या मनात तेच चित्र असतं. सुटे भाग नाना पेठेच्या गल्ल्यांत मिळतात, उरलेलं काम ओळखीचा मिस्त्री करतो.

गाडी खाली का बसवायची? गुरुत्वमध्य, वळणावरची पकड वगैरे कारणं सांगितली जातात, पण 'दिसते भारी' हे खरं उत्तर आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. चाक आणि मडगार्ड यांच्यात कंपनीने सोडलेली चार बोटांची फट काहींच्या डोळ्यांना खुपते. पकडीचा मुद्दा थोडा गुंतागुंतीचा आहे, त्याकडे पुढे येऊच.

आधी तीन कोन. गाडीकडे समोरून पाहिलं तर चाक सरळ उभं आहे की कललेलं, हे कॅम्बर सांगतो. चाकाचं वरचं टोक आत झुकलं असेल तर तो निगेटिव्ह. टो वरून पाहायचा. माणूस उभा राहताना पावलांची पुढची टोकं आत किंवा बाहेर वळवतो, तशी दोन चाकं पुढच्या बाजूला एकमेकांकडे वळली की टो-इन, फाकली की टो-आऊट. बाजूने पाहिल्यावर, स्टिअरिंग फिरवताना चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष मागे किती कललाय, हा कास्टर. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होतं ते मुख्यतः याच्यामुळे.

तिघांत टायरचा खरा शत्रू टो. कॅम्बर डोळ्यांना दिसतो म्हणून दोष त्याला मिळतो. टो दिसत नाही आणि टायर खाऊन टाकतो. साधं गणित करून पाहू. पंधरा इंची रिमचा व्यास ३८१ मिमी. रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेला मोजल्यावर दोन चाकांमधलं अंतर पुढे ६ मिमी जास्त भरलं, तर प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३ मिमी टो-आऊट आला. कोनात मांडलं तर अर्ध्या अंशालाही थोडा कमी. ऐकायला काहीच नाही. पण गाडी सरळ जात असते आणि चाक या कोनाने तिरकं पाहत असतं. म्हणजे किलोमीटरभर चालताना प्रत्येक टायर जवळजवळ आठ मीटर आडवा ओढला जातो. पुणे ते कोल्हापूर जाऊन परत आलं की ही आडवी फरफट साडेतीन किलोमीटरच्या पुढे जाते, आणि फरफटणारं रबर जातं कुठे? रस्त्यावर.

आता कॅम्बरचं पाहू. टायरचा तळ १७० मिमी रुंद धरला आणि चाक दीड अंश आत कललं, तर तळाच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेच्या उंचीत साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो. तेवढा टायर दबून जिरवतो. आतली कड थोडी जास्त झिजते, पण चाक फरफटत नाही. म्हणून दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर आणि शून्याच्या जवळ टो असलेली गाडी टायर बऱ्यापैकी टिकवते, आणि हिरवागार कॅम्बर पण बिघडलेला टो असलेली गाडी पावसाळ्यातून पावसाळ्यात जाईपर्यंत टायरच्या तारा बाहेर काढते. जपानमध्ये चाकं मुद्दाम दहा-दहा अंश कलवून मिरवणारे शौकीन आहेत. ती गाडी टायरच्या कडेवर उभी असते आणि तिचा हिशेब वेगळा. आपण दोन अंशांच्या आतल्या माणसांबद्दल बोलतोय.

गाडी खाली गेल्यावर हे कोन का हलतात हे समजायला बॉनेट उघडण्याची गरज नाही, चाकामागे वाकून पाहिलं तरी पुरे. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनिअर. त्याची रचना १९५० च्या फोर्ड कॉन्सलपासून जगभर पसरली, कारण ती स्वस्त, आटोपशीर आणि आडव्या इंजिनाला भरपूर जागा सोडणारी होती. वर स्प्रिंग आणि शॉकअप यांचा एक उभा खांब, खाली एक आडवा लोअर आर्म. खांबाचं वरचं टोक बॉडीला पक्कं. लोअर आर्मचं आतलं टोक गाडीला, बाहेरचं बॉलजॉइंटमधून चाकाला. मूळ उंचीवर हा आर्म बाहेरच्या बाजूला किंचित उतरता असतो.

गाडी ३० मिमी खाली बसली म्हणजे बॉडीच्या हिशेबात चाक ३० मिमी वर आलं. उतरता आर्म आडवा होत जातो, त्याचं बाहेरचं टोक जरा बाहेर सरकतं, शिवाय खांबाची उंची कमी झाल्याने खांबच जास्त कलतो. दोन्ही मिळून चाकाचं वरचं टोक आत झुकतं. ढोबळमानाने अर्धा ते एक अंश. कागदावर लाल दिसतो तो हाच. तो बिघाड म्हणता येत नाही, भूमितीने दिलेलं उत्तर आहे. आणखी खाली गेलं की आर्म आडव्याच्याही पलीकडे, बाहेरच्या टोकाला वर चढलेला दिसतो आणि मग कॅम्बर वाढण्याचा वेग मंदावतो.

पकडीच्या मुद्द्याचं उत्तरही या आर्ममध्येच आहे. वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू लोअर आर्मच्या उतारावर अवलंबून असतो, आणि मॅकफर्सन रचनेत गाडी खाली बसवली की हा बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा वेगाने खाली जातो. दोघांतलं अंतर वाढतं, म्हणजे गाडीला कलवणारा जोर उलट वाढतो. तरीही बसवलेली गाडी कमी कलते असं जाणवतं, कारण तिच्या स्प्रिंगा जास्त कडक असतात. उंचीचं श्रेय स्प्रिंगेच्या कडकपणाला द्यायला हवं. कात्रजच्या घाटात 'गाडी रुळावर चालल्यासारखी चालते' म्हणणाऱ्यांनी हे एकदा तपासून पाहावं.

आता टो. लोअर आर्मच्या शेजारी, बहुतेक गाड्यांत थोडा मागे, टाय रॉड असतो. आतलं टोक स्टिअरिंग रॅकला, बाहेरचं चाकाला. चाक वर-खाली होतं तेव्हा आर्म आणि टाय रॉड या दोघांची बाहेरची टोकं आपापल्या कंसावर फिरतात. डिझाइन करणारा इंजिनिअर हे दोन कंस मूळ उंचीच्या आसपास जमतील तेवढे जुळवून ठेवतो, म्हणजे खड्ड्यावरून जाताना चाक वर उचललं तरी ते फारसं वळत नाही. गाडी ४० मिमी खाली बसवली की दोघंही कंसाच्या अशा भागात जातात जिथे त्यांचं जुळत नाही. एक थोडा जास्त बाहेर येतो, दुसरा कमी, आणि चाक आपोआप वळतं. पुष्कळशा गाड्यांत ते पुढून फाकतं. याचे परिणाम दोन. पहिला, गाडी नुसती उभी असतानाच टो बिघडलेला असतो. हा अलाइनमेंटने शंभर टक्के सुटतो. दुसरा, चालताना चाक जेवढं दबेल तेवढा टो पुन्हा पुन्हा बदलत राहतो, आणि याला अलाइनमेंटकडे औषध नाही. मशीन उभ्या गाडीचा कोन मोजतं. नीट अलाइनमेंट करूनही खराब रस्त्यावर हातात स्टिअरिंग नाचत असेल तर दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. तिथे टाय रॉडच्या टोकाची उंची बदलणारे भाग लागतात, किंवा गाडी दहा-पंधरा मिलिमीटर वर घ्यावी लागते. दुसरा उपाय फुकट आहे, पण तो कुणाला आवडत नाही.

गाडी कशी बसवली यावरही अलाइनमेंट टिकणं अवलंबून आहे. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर सर्वांत महाग, तयार लोअरिंग स्प्रिंगा मधल्या, आणि कटरने मूळ स्प्रिंगेचा एक वेटोळा उडवणं सर्वांत स्वस्त. कापलेली स्प्रिंग कडक होते, कारण तोच भार आता कमी वेटोळ्यांवर येतो. सहापैकी एक गेला तर कडकपणा वीस टक्क्यांनी वाढतो. इथपर्यंत ठीक. अडचण टोकाची आहे. मूळ स्प्रिंगेचं टोक बैठकीत बसेल असं घडवलेलं असतं, कापलेलं टोक टोचून उभं राहतं. त्यात स्प्रिंग आखूड झाल्याने चाक खड्ड्यात पूर्ण खाली लोंबलं की ती बैठकीतून सुटी होते आणि परत बसताना जरा फिरून बसते. मग डावी-उजवीकडची उंची एक राहत नाही, आणि उंची एक नसेल तर कोनही एक नसतात. स्प्रिंगेला गॅसने तापवून 'बसवणारे' अजूनही आहेत. त्यात पोलादाचं पाणीच उतरतं, आणि अशा गाडीचं अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

एक काम मिस्त्रीकडून हमखास राहतं. लोअर आर्मच्या आतल्या टोकाला रबरी बुश असतो. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आर्मचा बोल्ट आवळला तर बुश त्या लटकलेल्या स्थितीत पकडला जातो, आणि गाडी जमिनीवर आली की उभ्या उभ्याच पिळलेला राहतो. साध्या गाडीतही हे चूक आहे. बसवलेल्या गाडीत पीळ आणखी मोठा, म्हणून बुश लवकर फाटतो आणि फाटेपर्यंत गाडीला थोडी वर ढकलत राहतो. उपाय सोपा आहे. बोल्ट सैल करायचे, चाकांवर पूर्ण वजन येऊ द्यायचं आणि मग खालून आवळायचे. मागच्या बीमच्या बुशांनाही हाच नियम. हे झाल्याशिवाय मशीनकडे जाऊ नये.

नव्या स्प्रिंगा थोड्या खाली बसतात, त्यामुळे काम झाल्या दिवशी नुसता टो ढोबळपणे लावून घ्यावा आणि काही शे किलोमीटर चालवल्यावर पूर्ण अलाइनमेंट करावं. जाण्याआधी घरीच एक मोजमाप करून ठेवायचं: चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, चारही चाकांचं. जमिनीपासून मोजू नका, टायरची हवा आणि झीज त्यात घोळ करते. हे चार आकडे वहीत असले की सहा महिन्यांनी स्प्रिंग बसली की नाही ते लगेच कळतं, आणि अलाइनमेंटचा कागद नेमक्या कुठल्या उंचीचा होता हेही.

दुकानात बसक्या गाडीची पहिली परीक्षा मशीनआधी रॅम्पवर होते. काही रॅम्पांचा चढ इतका उभा असतो की चाक चढण्याआधी बंपर टेकतो. जाणते दुकानदार लाकडी फळ्या काढून देतात. न देणाऱ्याकडे बंपर सोलून घेण्यापेक्षा जमिनीच्या पातळीत, खड्ड्यावर मशीन बसवलेलं दुकान शोधावं. मग क्लॅम्प. आजकालच्या थ्रीडी मशीनमध्ये प्रत्येक चाकाला एक पाटी अडकवतात आणि समोरचे कॅमेरे तिच्याकडे पाहून कोन काढतात. पाटीचा क्लॅम्प रिमच्या कडेला धरतो. गाडी फार खाली असेल तर रिमची वरची कड मडगार्डमध्ये गेलेली असते आणि क्लॅम्पचा वरचा पंजा बसतच नाही. अशा वेळी क्लॅम्प तिरका करून किंवा टायरला पकडून बसवता येतो, मात्र त्यानंतर गाडी मागेपुढे ढकलून क्लॅम्पची चूक वजा करण्याची पायरी गाळू देऊ नये.

गाडी जॅकने उचलून खाली ठेवली की चाकं थोडी आत ओढलेली राहतात. रबर जमिनीला धरून ठेवतं. चाकांखालच्या फिरत्या चकत्यांच्या पिना काढून, गाडीला पुढून मागून चार वेळा दाबून हलवलं की ती खऱ्या उंचीवर येते. घाईच्या दुकानात हे होत नाही, आणि कॅम्बरचा आकडा सुधारल्यासारखा दिसतो.

वजनाचा मुद्दा साध्या गाडीत फार कुणी काढत नाही. बसवलेल्या गाडीत तो काढायलाच हवा. मूळ उंचीवर कंस जुळलेले असल्याने एक माणूस बसल्याने टो जेमतेम हलतो. बसवलेली गाडी कंसाच्या न जुळणाऱ्या भागात उभी असते, तिथे प्रत्येक मिलिमीटर जास्त मोजला जातो. म्हणून शर्यतीच्या गाड्यांच्या सेटिंगला चालकाच्या वजनाएवढ्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवतात. आपल्याला वाळू नको. मालकाने स्वतः ड्रायव्हर सीटवर बसून राहावं, टाकी निम्मी असावी आणि डिकीत कायम असणारा वूफर काढून ठेवू नये.

आकडे वाचताना एक घोटाळा नेहमी होतो. बहुतेक मशीनं अंश आणि मिनिटं दाखवतात, साठ मिनिटांचा एक अंश. ०°३०′ म्हणजे अर्धा अंश. दशांशात ०.३० दिसलं तर तो फक्त अठरा मिनिटं. मित्राने मोबाइलवर पाठवलेलं सेटिंग एका पद्धतीत आणि मशीन दुसऱ्या पद्धतीत असलं की टो दीडपटीहून जास्तही लागू शकतो.

मग लाल कॅम्बरचं काय करायचं? आधी डावी-उजवी बाजू ताडून पाहायची. दोन्हीकडे उणे सव्वा अंशाच्या आसपास असेल तर तो तसाच सोडावा. एकीकडे उणे दोन आणि दुसरीकडे उणे एक असेल तर गाडी एका बाजूला ओढणार. इथे मात्र कारण शोधायला हवं आणि ते अनेकदा वाकलेला लोअर आर्म किंवा उंचीतला फरक हेच निघतं. कॅम्बर कमी करायचाच असेल तर स्ट्रटच्या बोल्टच्या जागी मधे बारीक आणि कडेला चढ असलेला कॅम्बर बोल्ट घालतात, तो फिरवला की चाक सरळ होतं. काही ठिकाणी हायड्रॉलिक पकडीने स्ट्रट जागच्या जागी वाकवून आकडा हिरवा करून देतात. लाल कागदावरचं 'करेक्शन' अनेकदा हेच असतं. शॉकअपची नळी आणि चाकाचा सांधा ताणून मिळवलेला हिरवा रंग माझ्या मते विकत घेऊ नये. कॅम्बर काहीही करून बदलला तरी टो त्यानंतर लावायचा. कॅम्बर हलला की टो हलतोच. आधी टो लावून नंतर कॅम्बर 'थोडा ओढून' दिला असेल तर ते अलाइनमेंट झालेलंच नाही.

कास्टरला फारसा धक्का लागत नाही, पुढचं आणि मागचं सारखंच खाली गेलं असेल तर. नाक जास्त खाली ठेवण्याची हौस असेल तर हिशेब सोपा आहे: अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस असलेल्या गाडीचं नाक मागच्यापेक्षा २० मिमी जास्त खाली गेलं तर कास्टर अर्ध्या अंशाने कमी होतो आणि स्टिअरिंग सरळ व्हायला आळस करतं.

मागच्या चाकांना पोलो, स्विफ्टसारख्या गाड्यांत टॉर्शन बीम असतो, एकच आडवा लोखंडी तुळईसारखा भाग. तिथे फिरवायला नटच नाही. दुकानदार 'मागचं होत नाही' म्हणतो ते खरं आहे. पण 'होत नाही' म्हणजे 'मोजायचं नाही' असा अर्थ होत नाही. मागच्या दोन चाकांचा टो असमान असेल तर गाडी किंचित तिरकी चालते, आणि सरळ जाण्यासाठी स्टिअरिंग वाकडं धरावं लागतं. मागून पाहताना तिरकी चालणारी एसटी ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. फरक छोटा असेल तर पुढची चाकं मागच्यांच्या रोखाने लावून स्टिअरिंग सरळ करता येतं. मोठा असेल तर बीम आणि चाकाच्या बैठकीमध्ये पातळ शिम घालतात. असं स्टिअरिंग सरळ करून घेतल्यावर ईएसपी (घसरण रोखणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग-कोनाचा सेन्सर स्कॅनरने पुन्हा शून्यावर आणून घ्यावा.

एवढं करून गाडी रस्त्यावर येते, आणि रस्ता पुण्याचा असतो. गतिरोधकांबाबत इंडियन रोड्स काँग्रेसचं माप आहे: ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटीमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलवा. असा गतिरोधक बसक्या गाडीला मुळीच अडवत नाही. व्हीलबेस २.४५ मीटर असेल तर गाडी बरोबर मधोमध आल्यावर दोन्ही चाकंही उंचवट्यावरच असतात, आणि त्यांच्या रेषेपेक्षा गतिरोधकाचा माथा फक्त साडेचार सेंटीमीटर वर येतो. ४० मिमी खाली बसवलेल्या, १२५ मिमी उरलेल्या गाडीखालूनही तो आठ सेंटीमीटर राखून निघून जातो. गाडी घासते ती सोसायटीच्या दारात हातभर रुंदीचा, तेवढाच १० सेंटीमीटर उंच सिमेंटचा बांध घातलेला असतो तिथे. त्याचा पूर्ण माथा पोटाखाली येतो. अडीच सेंटीमीटर उरतात, आणि मागे तीन माणसं बसली की तेही संपतात. म्हणून बसक्या गाडीवाले तिरके जातात, एकेक चाक चढवत. माथ्यावर ब्रेक मात्र दाबू नये, ब्रेकने नाक आणखी खाली जातं. ऑइल चेंबर फुटतो तो बहुतेक वेळा ड्रेनेजच्या चेंबरवर.

जंगली महाराज रस्ता या मंडळींना इतका प्रिय का, याचं उत्तर १९७० च्या दशकात आहे. रेकॉन्डो या कंपनीने तेव्हा तो असा बांधला की पुढची अनेक वर्षं त्यावर खड्डा पडला नाही, आणि पुणेकर अजून ते सांगतात. बाकीच्या रस्त्यांवर जून ते सप्टेंबर खड्डे आणि त्यातच गणपतीच्या मांडवांसाठी खणलेली भोकं. कडक स्प्रिंग, बारीक कडेचा टायर आणि कमी उरलेला प्रवास यांमुळे खड्ड्याचा मार सरळ टाय रॉडवर आणि रिमवर जातो. म्हणून बसक्या गाडीचं एक अलाइनमेंट गणपती उठल्यावर ठरलेलं ठेवावं, खर्च चार-पाचशे रुपयांचा आणि टायर वाचतात हजारोंचे. तोपर्यंत महिन्यातून एकदा स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवावा. बाहेरून टायर नवा दिसत असतो. आत नक्षी १.६ मिलिमीटरच्या कायदेशीर मर्यादेखाली गेलेली असते. हात एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखा लागला तर टो बिघडलाय हे मशीनशिवाय कळतं.

कायदा या हौसेच्या बाजूने नाही, हे सांगून टाकायला हवं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हे कलम कडकपणे वाचलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर स्प्रिंगा पाहतो तेव्हा हा मुद्दा निघतो.

म्हणूनच पुष्कळ जण गाडी विकण्याआधी किंवा संगम पुलाजवळच्या आरटीओत नूतनीकरणाला नेण्याआधी मूळ स्प्रिंगा परत घालतात आणि तेवढ्यावर काम झालं असं समजतात. पण टो खालच्या उंचीवर लावलेला असतो. गाडी चाळीस मिलिमीटर वर गेली की तो तेवढाच उलट्या दिशेने सरकतो, फाकणारी चाकं आता आत वळतात, आणि कॅम्बर बोल्ट काढला नसेल तर चाकं वर बाहेर झुकतात. जुनी पोलो घेणाऱ्याने म्हणून सर्व्हिसच्या फाइलमध्ये अलाइनमेंटचे कागद मागावेत. मधल्या दोन-तीन वर्षांत पुढचा कॅम्बर दोन्हीकडे सारखाच उणे दीडच्या आसपास लाल असेल आणि अगदी शेवटच्या कागदावर हिरवा, तर ती गाडी खाली बसलेली होती. लोअर आर्मचे बुश तपासून घ्यावेत आणि भाव त्याप्रमाणे करावा.